घरटी एक हात

गुरवाचा निवृत्ती बांधावर येऊन उभा राहिला तेव्हा आम्ही घरातले चौघेही चिखलात होतो. लावणीचे दिवस. आबा मागून आणलेल्या पॉवर टिलरच्या मागे, आई आणि राजी वाकून रोपं लावत मागे मागे सरकत होत्या, आणि मी त्यांच्यापुढे रोपांच्या मुठी टाकत होतो. पाऊस उघडझाप करत होता. निवृत्तीनं छत्री मिटली, पुन्हा उघडली आणि ओरडून सांगितलं, "चार वाजता खंडोबाच्या देवळात. घरटी एक हात."

आबांनी टिलर बंद केला नाही. "कशापायी?"

"भंडारा उचलायचाय. पक्ष फुटलाय न्हवं? सारं गाव आण्णांच्या मागं ऱ्हानार. टीव्ही बगत न्हाई व्हय तुमी?"

"चिखलात कुटला टीव्ही," आबा म्हणाले. "टिलर सांजपातुर द्यायचाय माघारी. निलेश येईल."

असा मी गेलो. आबा गेले असते तर त्यांनी काय केलं असतं, हा विचार मी नंतर बऱ्याचदा केला. आमचे आबा, महिपती, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ते बहुतेक मागच्या रांगेत उभे राहून बिडी ओढून परत आले असते. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि मला कुणीतरी मोजावं अशी फार हौस होती.

आमच्याकडे कागदावर सही केली तर माणूस ती नाकारतो, साक्षीदार फोडतो आणि कोर्टात पंधरा वर्षं काढतो. भंडाऱ्याचं तसं नाही. देवापुढच्या ताटात बेलाची पानं आणि हळद असते, तिच्यावर उजवा हात ठेवायचा आणि शब्द द्यायचा. मग तो मोडायची कुणाची छाती होत नाही. आमच्या दत्तोबाकाकांनी मोडला होता. मी लहान असताना त्यांनी एका सोसायटीच्या निवडणुकीत भंडारा उचलून दुसऱ्याला मत दिलं आणि त्याच वर्षी त्यांचा उजवा हात लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, ब्लड प्रेशर. गाव म्हणालं, खंडोबा. काका मरेपर्यंत आमच्या पडवीतच होते आणि त्यांना भाकरी कुस्करून द्यायचं काम राजीकडे होतं. पाच-सहा वर्षांची असल्यापासून तिनं ते केलं.

मला स्वतःला विचाराल तर मी डॉक्टरांच्या बाजूचा होतो.

देवळात साठेक हात जमले होते. श्रीपती आण्णा खांबाला टेकून बसले होते. तालुक्यात त्यांचं वजन होतं, आणि खोटं कशाला बोला, गावाचा डांबरी रस्ता त्यांनीच आणला होता. राजीचे पहिले खरे धावायचे बूटही त्यांनीच दिले होते. मला पाहताच त्यांनी हात केला. "महिपतीचा निलेश ना? ये, म्होरं ये. तुज्या कामाचं माज्या ध्यानात हाय बरं का. तळेगावच्या कंपनीत सुपरवायझर पायजे त्यांना."

मी पुढे गेलो. निवृत्तीनं शब्द सांगितले, "निवडणुकीत, सोसायटीत आन् सगळ्या कामात आण्णांच्या संगं." मी हळदीवर हात ठेवला. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढत होतं, त्यात आपला चेहरा यावा म्हणून मी मान जरा वळवली. देवाची आठवण मला एवढीशीही झाली नाही.

राजीचं म्हणजे राजेश्वरीचं सांगायचं राहिलं. माझ्याहून पाच वर्षांनी धाकटी. सातवीत असताना ती शाळेतून घरापर्यंत पळत यायची, कारण चालत आलं तर म्हशी सोडायला उशीर व्हायचा आणि आईच्या शिव्या बसायच्या. तिला तसं पळताना राजेंद्र सरांनी पाहिलं. सर आमच्याच गावचे, बौद्ध वस्तीतल्या गोरखभाऊंचे चिरंजीव, कामशेतला खेळाचे शिक्षक. त्यांनी तिला लोहगडवाडीच्या चढावर पळायला लावलं. आठवड्यातून दोनदा खालून वरपर्यंत, थांबायचं नाही. वर बयाबाई नावाची ताकवाली होती. पुण्याहून आलेले ट्रेकर निम्म्या वाटेत फतकल मारून बसलेले असायचे आणि ही त्यांच्या बाजूनं निघून जायची. बयाबाई त्यांना सांगायची, "ती हितलीच हाय, तिच्या नादी लागू नगा."

आठ-नऊ वर्षांत राजी राज्यात ज्युनियरला दोनदा पहिली आली आणि देशात पाचवी. आमच्या भिंतीवर कपडे टांगायला खुंटी नव्हती, पण पदकांना तीन होत्या. दहा हजार मीटर हे तिचं अंतर. ती धावताना तोंड मिटलेलं ठेवायची आणि नजर पुढच्या दहा पावलांवर. सर म्हणायचे, शेवटच्या दोन हजारांत ही पोरगी माणूस राहत नाही.

आता तिला वनरक्षक व्हायचं होतं. वनखात्यात खेळाडूंसाठी जागा निघणार होत्या. ज्युनियरच्या कागदांवर भागत नव्हतं, मोठ्या गटातलं राज्याचं एक पदक हवं होतं आणि त्यावर पडताळणीचा शिक्का. तेवढं झालं की पगार, खाकी कपडे आणि पळायला सगळं जंगल. आमच्या घराण्यात सरकारी नोकरी कुणालाच लागली नव्हती.

पक्ष फुटला तसं सगळंच फुटत गेलं. दूध संघ फुटला, पतसंस्था फुटली, एकाच गणपतीचे दोन झाले. दिवाळीच्या सुमाराला जिल्ह्याची धावण्याची संघटनाही फुटली. जुनीच्या शेजारी नवी उभी राहिली आणि नवीचे अध्यक्ष झाले श्रीपती आण्णा, ज्यांना मी कधी जिन्यानंही चढताना पाहिलेलं नाही. दोन्ही संघटनांनी आपापली राज्य स्पर्धा जाहीर केली. दिवसही एकच, डिसेंबरातला दुसरा रविवार. जुनीची पुण्याला, नवीची लोणावळ्याला.

आम्ही खळ्यात भात झोडत होतो तेव्हा राजेंद्र सर आले. गाडी लांब लावून चालत आले आणि खळ्याच्या कडेला उभे राहिले. आईनं पाणी दिलं. त्यांच्या वस्तीतल्या माणसाला पाणी देताना आमच्या घरात पूर्वी काय चालायचं ते मला माहीत आहे, पण राजी धावायला लागल्यापासून आमच्याकडे ते बंद झालं होतं.

"भाऊ," सर आबांना म्हणाले, "राजीचं नाव मी पुण्याला दिलंय. लोणावळ्याच्या स्पर्धेला मान्यता नाही. तिथलं पदक म्हणजे नुसता पत्रा."

आबांनी हातातली पेंढी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"आण्णांनी फोन केलता," मी म्हणालो. "त्यांच्या स्पर्धेला त्यांच्याच गावची चॅम्पियन न्हाई, असं कसं दिसंल? आन् मान्यता येनार हाय म्हनत्यात. वर बोलनं झालंय."

"निलेश, येईल ते येईल. आज नाही ना? पोरीचं हे एकच वर्ष आहे. जागा निघतायत."

"आमी भंडारा उचललाय सर. सगळ्या कामात म्हनून शब्द हाय."

"धावण्यात कसला भंडारा?"

"भंडारा उचलला की उचलला," आई मधेच म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "तुमाला ठावं न्हाई का, दत्तोबा भाऊजींचं काय झालं ते?"

सरांनी तांब्या कडेला ठेवला. मग कुणाकडे न बघता म्हणाले, "आमच्या वस्तीत तर निरोपच आला नव्हता मावशी. आला असता तरी आम्ही गेलो नसतो. पण एवढं खरं, की माझा हात कुणी मागितला नाही ते बरंच झालं."

त्यांनी राजीकडे पाहिलं. ती सूप घेऊन भात पाखडत होती. "रविवारी पावणेसहाच्या गाडीला मी कान्ह्याच्या स्टेशनावर आहे. दोन पोरं आहेत बरोबर," असं म्हणून ते निघून गेले. आबांनी पुन्हा पेंढी उचलली आणि फळीवर आपटली. ते त्या दिवशी काही बोलले नाहीत. बोलायला पाहिजे होतं, असं मी आज म्हणतो, पण तेव्हा ते गप्प बसले याचं मला हायसं वाटलं.

शुक्रवारी सांजेला राजी धावून आली आणि मोटारीच्या पाइपाखाली पाय धूत बसली. मी जवळच होतो. तिनं वर न बघता विचारलं, "दादा, मी सरांबरं जाऊ का?"

मला हो म्हणता आलं असतं. आण्णा रागावले असते, गाव चार दिवस कुजबुजलं असतं आणि माझं सुपरवायझरचं काम गेलं असतं. बस, एवढंच. पण कंपनीत येत्या सोमवारी ये असा निरोप मला कालच आला होता आणि मी इस्त्रीचा शर्टही काढून ठेवला होता. हे तिला कसं सांगणार? म्हणून मी दुसरं सांगितलं, जे सांगायला सोपं होतं.

"मी हात ठेवलाय राजे."

"तू माघारी घे ना. देवाला सांग, चुकलं म्हनून."

"भंडारा काय टोपी हाय, वाटंल तवा काडून ठेवायला?"

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. मला वाटलं, नवीन घड्याळ बघतेय. "बरं," ती म्हणाली आणि पाइप बंद केला.

रविवारी लोणावळ्याच्या मैदानावर धुकं होतं. राजी अंधारातच एकटी घरून निघाली होती, मी मागून पोचलो. चुन्यानं चारशे मीटरची रेषा आखली होती. मंडप मोठा, स्पीकर मोठे आणि धावायला मुली सहा. त्यातल्या दोघी कुठल्याशा कॉलेजच्या व्हॉलीबॉलच्या टीममधून संख्या भरायला आणलेल्या. प्रत्येकीच्या छातीवर नंबर आणि नंबराच्या वर आण्णांचा फोटो. राजीचा कागद पिनांनी नीट बसेना, म्हणून एका कार्यकर्त्यानं तो आणखी दोन पिना लावून ताणून बसवला. तोवर ती हात बाजूला धरून उभी राहिली.

पंचवीस फेऱ्या होत्या. चौथ्या फेरीला ती एकटी पुढे होती, दहाव्या फेरीला तिनं मागच्यांना गाठून पुन्हा मागे टाकलं होतं. निवेदक ओरडत होता, "पाहा, आपल्या आण्णांची राजी." तेराव्या फेरीला मुंबईहून पाहुणे आले. त्यांची गाडी थेट मैदानात घेतली आणि हारतुरे सुरू झाले, तेही रेषेवरच. राजी आली तेव्हा वीसएक माणसं वाटेत पाठमोरी उभी होती. ती थांबली नाही. त्यांच्या बाहेरून, गवतातून वळसा घालून पुन्हा रेषेवर आली. पुढच्या फेरीलाही तसंच. आण्णा तेव्हा फेटा बांधून घेत होते. मी पळत जाऊन त्या लोकांना बाजूला व्हा म्हणायला हवं होतं. मी मंडपाच्या कडेला इस्त्रीच्या शर्टात उभा होतो.

शेवटच्या पाच फेऱ्या ती कशी धावली ते मला अजून दिसतं. तिच्याबरोबर कुणी नव्हतं, मागे नव्हतं, पुढे नव्हतं, तरी कुणीतरी निसटून चाललंय आणि त्याला धरायचंय अशी ती धावत होती. पस्तीस मिनिटं बावन्न सेकंद. तिच्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली वेळ, दोन वळसे धरून. त्याच सकाळी पुण्यात जी मुलगी पहिली आली तिला छत्तीस मिनिटं पन्नास सेकंद लागले होते. हे मला रात्री कळलं. राजीला दुपारीच कळलं होतं, आणि ती घरी आल्यावर गोठा झाडायला गेली.

फेब्रुवारीत मी आणि ती कागद घेऊन पुण्याला गेलो. खिडकीवरच्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी यादी दोनदा पाहिली. "मुलगी धावली ते खोटं नाही हो," त्या म्हणाल्या. "पण ही संघटना यादीत नाही. मी शिक्का मारला तरी पुढे अडकेल." वर जुन्या संघटनेनं, मान्यता नसलेल्या स्पर्धेत भाग घेतला म्हणून, राजीला दोन वर्षं बंदी घातली. तिनं तो कागद बाहेर झाडाखाली उभं राहून वाचला, घडी घातली आणि मला म्हणाली, "तुला कंपनीत दुपारची पाळी हाय ना? चल."

पाडव्याच्या आधी श्रीपती आण्णा पलीकडे गेले, ज्यांच्या विरोधात साठ हात हळदीवर ठेवून घेतले होते त्यांच्याकडेच. तालुक्याच्या विकासासाठी जावं लागलं, असं त्यांनी सांगितलं. पण गाव भंडाऱ्यात अडकलेलं. त्यावरही तोड निघाली. निवृत्तीनं पुन्हा निरोप दिला, पुन्हा घरटी एक हात. आण्णांनी खंडोबाला अभिषेक घातला आणि निवृत्तीनं प्रत्येकाच्या तळहातावर चमचाभर दूध टाकून सांगितलं, सुटला. रांग दहा मिनिटांत संपली. नंतर बुंदी होती. मी हात धुतला आणि बुंदी खाल्ली, हे सांगायला मला आज लाज वाटते.

नवी संघटना त्याच महिन्यात गुंडाळली. आण्णांना जुनीत उपाध्यक्ष केलं. राजीची बंदी मात्र कायम राहिली. मी त्यांच्या दारात दोनदा गेलो. पहिल्यांदा ते पूजेत होते. दुसऱ्यांदा म्हणाले, "नियम हाय रं बाबा, नियमाम्होरं मी कोन? आन् पोरीच्या जातीनं किती दिस पळायचं?"

बंदीच्या दोन वर्षांत राजी इंदुरीजवळच्या एका पॉलीहाऊसमध्ये गुलाब तोडायला जाऊ लागली. सकाळी सहाला हजेरी, म्हणून पळणं चारला. काट्यांनी हात भरलेले, दिवसभर उभं राहून टाच धरलेली. सर येत राहिले. बंदी संपली तेव्हा त्यांनी तिला कामशेतच्या मैदानावर घड्याळ लावून पळवलं. मीही गेलो होतो. सोळाव्या फेरीपासून ती डावा पाय राखून टाकत होती. अडतीस मिनिटांच्या वर गेलं. सरांनी घड्याळ खिशात टाकलं आणि आकडा सांगितला नाही. तिनं विचारलाही नाही. वनखात्याच्या जागा कधीच भरल्या होत्या. पुण्यात पहिली आलेली ती मुलगी आता सातारच्या बाजूला कुठंतरी वनरक्षक आहे.

या सगळ्याला आता तीन-चार वर्षं होतील. मी अजून त्याच कंपनीत आहे, नावाला सुपरवायझर, काम मशीनवर. राजीनं टाच बरी झाल्यावरही पॉलीहाऊस सोडलं नाही, तिथं ती मुकादम झाली. तिच्या लग्नाचं बघतोय.

गेल्या महिन्यात गोरखभाऊ वारले. मी सरांना भेटायला गेलो. त्यांच्या आई सरूबाई आत बसल्या होत्या. सर मला घेऊन बाहेर ओट्यावर आले. बोलता बोलता धावण्याचं निघालं आणि मी, पहिल्यांदाच, म्हणालो, "सर, तवा मी तिला धाडाय पायजे हुतं. ती आली असती तुमच्या संगं."

सरांनी माझ्याकडे जरा चमकून पाहिलं. "आली होती की. तुला माहीत नाही?"

"कुटं?"

"कान्ह्याला. स्टेशनावर. पावणेसहाच्या आधी आली, पिशवी घेऊन, बूट घालून. मला वाटलं, घरी सांगून आलीय. गाडी लागली. पोरं चढली. मी म्हटलं, बस राजी. तिनं दांडी धरली आणि तशीच उभी राहिली. मला म्हणाली, सर, दत्तोबाकाकांना मी आठ वर्षं भरवलंय. त्यांच्या गालावरून आमटी पुसलीय. दादानं उजवा हात ठेवलाय. उद्या त्याला काय झालं तर मला धावून काय करायचंय? आणि दांडी सोडली. गाडी गेली तरी ती तिथंच होती, मी खिडकीतून बघत होतो. मग तिथनं तशीच लोणावळ्याच्या गाडीची वाट बघत बसली असणार."

सर म्हणाले, "मला तिचा राग आला होता तेव्हा. आता येत नाही. तुझा भंडाऱ्यावर एवढा विश्वास होता, तर तिला तरी कसं जाववणार होतं?"

मी मान हलवली. व्हय म्हणून हलवली, न्हाई म्हणून नाही. एका मेलेल्या माणसाच्या ओट्यावर बसून मी पुन्हा एकदा खोटं बोललो.

घरी आलो तेव्हा राजी नुकतीच कामावरून आली होती. तिनं हातपाय धुतले, माझं ताट वाढलं आणि समोर बसली. मला तिला सांगायचं होतं, की राजे, मला त्या हळदीचं काही वाटलं नव्हतं. मी नोकरीसाठी हात ठेवला, फोटोसाठी मान वळवली आणि तुला अडवायला देवाचं नाव घेतलं. माझ्या हाताला काही होणार नाही, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. हे सांगितलं तर तिनं त्या सकाळी गाडीची दांडी सोडली ती कशासाठी, याचं उत्तरही तिच्याजवळ उरणार नव्हतं.

"बोटांना मुंग्या येत न्हाईत ना?" तिनं विचारलं. "मशीनवर लय वेळ हात धरून ठिवत जाऊ नको."

हे ती अधूनमधून विचारायची. मी कधी त्याचा विचार केला नव्हता.

"न्हाई," मी म्हणालो. "हात चांगला हाय."

"मग झालं," ती म्हणाली आणि तिनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. मी ती मोडली आणि उजव्या हातानं जेवत राहिलो.